चांगली बाजू खाली

माझ्या आईचं डावं फुप्फुस तिच्या लग्नाआधीच निकामी झालं होतं. तरुणपणी तिला क्षय झाला. औषधं पूर्ण झाली, आजार गेला, पण जाताना त्या बाजूचं फुप्फुस आखडून टाकून गेला. एक्स-रेमध्ये तिच्या छातीची डावी बाजू पांढरी दिसते आणि हृदय, श्वासनलिका सगळं तिकडे ओढलं गेलेलं दिसतं. उरलेल्या उजव्या फुप्फुसावर तिने भुईगावात संसार केला, मला वाढवलं, वाडीतली भाजी खुडून, जुड्या बांधून वसईच्या बाजारात विकली. चढ लागला की ती मध्येच थांबून कुणाशी तरी बोलायची. लोकांना वाटायचं, बाई गप्पिष्ट आहे. खरं म्हणजे ती दम घ्यायला थांबलेली असायची.

मी फिजिओथेरपिस्ट झाले आणि पुढे छातीच्या रुग्णांचंच काम करू लागले, त्यात आईचा वाटा असणार. विरारच्या एका हॉस्पिटलात मी रुग्णांना श्वासाचे व्यायाम देते, कफ सुटावा म्हणून त्यांना या कुशीवरून त्या कुशीवर वळवते, आणि आठवड्यातून दोनदा नर्सिंगच्या मुलींचा तास घेते. मी आणि नवरा आचोळ्याला राहतो. रविवारची चर्चमधली मिस्सा मात्र भुईगावलाच, आणि मग दिवसभर आईपप्पांकडे. घरी आम्ही आमच्या बोलीत बोलतो. इथे मी ते सगळं सगळ्यांना समजेल अशा मराठीत लिहिते आहे, त्यामुळे आईचं बोलणं तिच्या तोंडी होतं त्यापेक्षा जरा सभ्य वाटेल.

दोन हिवाळ्यांपूर्वी आईला न्यूमोनिया झाला. बरी होऊन घरी आली, पण पूर्वीची राहिली नाही. आंघोळ करून आली तरी खाटेवर आडवी व्हायची. एका रविवारी जेवणं झाल्यावर ती नेहमीसारखी डाव्या कुशीवर पडली होती. मी सहज तिच्या बोटाला ऑक्सिमीटर लावला. एकोणनव्वद. तिला उठवून बसवलं तर आकडा वर आला, पुन्हा डावीकडे झोपवलं तर खाली. मग म्हटलं, आता उजवीकडे वळ बघू. ती वळली. आम्ही थोडा वेळ थांबलो. एक्क्याण्णव, त्र्याण्णव, पंच्याण्णव.

मला त्या वेळी किती आनंद झाला! जी गोष्ट मी दर वर्षी फळ्यावर चित्र काढून शिकवते, ती माझ्याच घरात, माझ्या आईच्या बोटावर आकड्यांत दिसत होती. माणूस बसलेला किंवा उभा असतो तेव्हा फुप्फुसात हवा आणि रक्त सगळीकडे सारखं जात नाही. दोन्ही तळाकडे जास्त जातात, पण रक्त जड, त्यामुळे ते फारच जास्त जातं. वरच्या टोकाला रक्ताच्या मानाने हवा भरपूर असते आणि तिच्यातला प्राणवायू उचलायला रक्त कमी पडतं. तळाला उलट, रक्त एवढं येतं की त्याच्या मानाने हवा थोडी पडते. धडधाकट माणसाला याचा पत्ताही नसतो, कारण एकूण हिशेब जमतो. कुशीवर झोपलं की तळ बदलतो. जी कूस खाली, तिच्याकडे रक्त जास्त ओढलं जातं. आई डाव्या कुशीवर झोपली की तिचं रक्त त्या आखडलेल्या फुप्फुसाकडे उतरायचं आणि तिथे हवाच नसल्यामुळे जसं गेलं तसंच परत यायचं. उजवी कूस खाली घेतली की तेच रक्त चांगल्या फुप्फुसात जाऊन प्राणवायू घेऊन यायचं. आमच्याकडे याचं एक साधं सूत्र आहे, चांगली बाजू खाली.

मी हे पप्पांना समजावून सांगायला लागले. आमच्या वाडीत केळी आहेत, भाजीचे वाफे आहेत, बांधाला चाफा आणि तगर. मोटरचं पाणी पाटाने फिरतं आणि जमीन विहिरीकडून ओढ्याकडे उतरते. मी म्हटलं, पप्पा, पाणी सोडल्यावर खालच्या वाफ्यात जास्त जातं ना, तसं. माझं वाक्य पुरं व्हायच्या आतच ते म्हणाले, "मग खालच्या वाफ्यात जिवंत झाड पाहिजे."

इतक्या वर्षांत एवढ्या नेमक्या शब्दांत मला कुणा विद्यार्थिनीने उत्तर दिलेलं नाही. मी हसले आणि म्हटलं, बरोबर, आता ही जबाबदारी तुमची.

पप्पांना एखादं काम सांगितलं की ते सांगितल्याबरहुकूम होतं. त्यांचा रक्तदाब वाढला आणि डॉक्टरांनी मीठ कमी करा म्हटलं, तर त्यांनी त्याच दिवशी लोणच्याची बरणी शेजारी देऊन टाकली. आईला वळवण्याचं कामही त्यांनी तसंच अंगावर घेतलं. ती झोपेत डावीकडे वळू नये म्हणून जुन्या चादरी गुंडाळून एक लोड केला आणि तो तिच्या पाठीशी लावू लागले. खाट भिंतीला लागून होती, त्यामुळे उजवीकडे वळलं की तिच्या तोंडासमोर भिंत यायची. पप्पांनी शेजाऱ्याला हाताशी घेऊन खाट फिरवली. आता तिला पडल्या पडल्या खिडकी दिसायची आणि खिडकीतून अळू आणि विहिरीचा कठडा. मी त्या रविवारी गेले तेव्हा फिरवलेली खाट त्यांनी मला अशी दाखवली, जशी दुसऱ्या कुणी नवी गाडी दाखवावी.

आई मात्र कुरकुरत होती. म्हणायची, डाव्या कुशीवर मला मोकळं वाटतं, उजवीकडे कोंडल्यासारखं होतं, आणि खोकला येतो तो वेगळाच. मी तिला म्हटलं, खोकला येतोय म्हणजे कफ सुटतोय, चांगलं आहे. त्यावर ती म्हणाली, "सुटतो खरा. पण त्या बाजूचा सुटतो आणि या बाजूला उतरतो असं वाटतं."

मी तिला सांगितलं की असं काही होत नाही, वर आला की खोकून टाकायचा. बोलता बोलता मी तिच्या पाठीचा लोड नीट केला. हे सांगताना मी तिच्याकडे नाही, ऑक्सिमीटरकडे बघत होते. आकडा चांगला होता.

असे काही महिने गेले. तिची ताकद थोडी भरून आली. ओट्यापाशी स्टूल घेऊन बसून ती पुन्हा स्वयंपाक करू लागली. मला वाटलं, जमलं. नर्सिंगच्या तासाला मी नाव न घेता तिचंच उदाहरण द्यायला लागले.

पाऊस संपून ऊन पडायला लागलं होतं. दुपारची वेळ. मी वॉर्डात ऑपरेशन झालेल्या एका बाईला धरून चालवत होते आणि पप्पांचा फोन आला. पप्पा कामाच्या वेळी कधी फोन करत नाहीत. त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता, फक्त शब्द तुटक. ते म्हणाले, हिला रक्त पडतंय, तोंडातून, खोकल्याबरोबर, थांबत नाही. मी म्हटलं, शेजारची गाडी काढायला सांगा, वसईच्या हॉस्पिटलात न्या, मी थेट तिथे येते. आणि फोन ठेवला. त्या बाईला सिस्टरच्या हाती दिलं, पर्स उचलली आणि खाली येऊन रिक्षात बसले.

विरारहून निघून रिक्षा नालासोपाऱ्याच्या गर्दीत अडकली तेव्हा माझं डोकं चालायला लागलं. क्षयाने पोखरलेल्या फुप्फुसात जुन्या पोकळ्या असतात, त्यांच्या भिंतीतल्या रक्तवाहिन्या फुगलेल्या असतात, त्यातली एखादी फुटली असणार. म्हणजे रक्त डावीकडून येतंय. ते घशाकडे चढणार, सगळंच्या सगळं बाहेर पडणार नाही, आणि उरलेलं जिथे उतार असेल तिथे जाणार. अशा वेळी रुग्णाला ज्या बाजूने रक्त येतं त्या कुशीवर झोपवायचं असतं, म्हणजे रक्त तिथल्या तिथे राहतं आणि चांगलं फुप्फुस वाचतं. वाईट बाजू खाली. हेही मी शिकवते. पुस्तकात ते पुढच्या प्रकरणात येतं, आणि ते प्रकरण मी घरी कधी काढलंच नव्हतं.

मी पप्पांना फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. रिक्षावाल्याने मागे वळून विचारलं, कोण आजारी आहे. मी फोन लावत राहिले. ते फोन का घेत नाहीत हे मला माहीत होतं. त्यांचे दोन्ही हात गुंतलेले होते.

हॉस्पिटलात पोचले तर आईला आत घेतलं होतं. पप्पा बाहेरच्या बाकावर बसले होते. शर्टाची उजवी बाही कोपरापर्यंत रक्ताने माखलेली, आणि ते ती अंगापासून दूर धरून बसलेले, बाकाला डाग लागू नये म्हणून. मला बघून उठले.

"मी तिला उजव्या कुशीवरच ठेवली," ते म्हणाले. "घरी पण आणि गाडीत पण. ती सारखी डावीकडे वळायला बघत होती, जोर लावत होती. मी सोडलं नाही. तू सांगितलेलं, ते विसरलो नाही."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. शाळेत उत्तर देऊन झाल्यावर मूल बाईंकडे बघतं तसं.

मी म्हटलं, "बरं केलंत, पप्पा."

थोड्या वेळाने डॉक्टर बाहेर आल्या. माझ्याहून लहान, शांत मुलगी. रक्तस्राव अजून चालू आहे, उजव्या फुप्फुसातही रक्त गेलंय, श्वासनलिकेत नळी घालावी लागली, असं त्यांनी सांगितलं. मी या कामातली आहे हे त्यांना कळलं होतं, म्हणून मला बाजूला घेऊन त्यांनी विचारलं की आणताना पेशंट कुठल्या कुशीवर होती. मी सांगितलं, उजव्या. त्यांनी मान हलवली. आणखी काही विचारलं नाही, आणि मला वाटलं, विचारलं असतं तर बरं झालं असतं.

तिथून आईला मुंबईला हलवलं. तिथल्या डॉक्टरांनी मांडीच्या धमनीतून बारीक नळी वर नेऊन फुटलेली रक्तवाहिनी बंद केली. रक्त थांबलं. पण उजव्या फुप्फुसात जे उतरलं होतं त्याचं पुढे दुखणं झालं, आणि ती बरेच दिवस व्हेंटिलेटरवर राहिली. मी तिच्या खाटेशी उभी राहून मॉनिटर वाचायचे. तिथल्या फिजिओथेरपिस्ट मुलीने एकदा मला विचारलं की मॅडम, तुम्हाला करायचंय का, मी मागे सरकते. मी नको म्हटलं. माझे हात तिच्या अंगाला लावायची मला भीती वाटत होती.

शेवटी मी तिथल्या मोठ्या डॉक्टरांना विचारलं, की ती डाव्या कुशीवर असती तर उजवं फुप्फुस वाचलं असतं का. ते म्हणाले, थोडं कमी रक्त गेलं असतं कदाचित, कदाचित तेवढंच गेलं असतं, एवढ्या जोराच्या रक्तस्रावात काही सांगता येत नाही. मला समजेल अशाच भाषेत ते बोलले आणि मी आभार मानले. पण त्या 'कदाचित'चं काय करायचं ते मला कळेना. गुन्हा ठरला असता तर तो घेऊन कुठे तरी बसता आलं असतं. सुटले असते तर उठून कामाला लागले असते. आता दोन्ही नव्हतं.

आई घरी आली ती ऑक्सिजनच्या मशीनसकट. आधी तिला मशीन लागत नव्हतं. आता नाकात नळी, आणि ती नळी स्वयंपाकघरापर्यंत पोचेल एवढी लांब. व्हेंटिलेटरची नळी बरेच दिवस श्वासनलिकेत राहिल्यामुळे आवाज बसला होता. वाडीत जाणं बंद. वीज गेली की पप्पा धावत जाऊन सिलिंडर जोडायचे, आणि आमच्याकडे वीज जाते ती सांगून जात नाही. आणि पाठीशी लोड होताच. उजवी कूस खाली. पप्पांनी नेम सोडला नव्हता. येणाऱ्याजाणाऱ्याला ते सांगत, त्या दिवशी मी तिला डावीकडे वळू दिलं नाही म्हणून वाचली. मी तिथेच बसलेली असायचे, चहा पीत.

मी चर्चमध्ये कन्फेशनला गेले. आमच्याकडे मी हे कुणाशी बोलू शकले असते असं दुसरं ठिकाण मला दिसेना. नवऱ्याने सगळं ऐकून, तुझी काही चूक नाही, असं आधीच दोनतीनदा म्हटलं होतं. जाळीपलीकडच्या फादरना मी सगळं सांगितलं, हवा, रक्त, कूस, सगळं. त्यांनी मध्ये एकदा थांबवून विचारलं की म्हणजे तुम्ही जे शिकवलं ते खोटं होतं का. मी म्हटलं, नाही, खरं होतं, पण अर्धं होतं. ते म्हणाले की माणसाला पुढचं दिसत नाही, हे पाप नव्हे.

मला राग आला. पाप नसेल तर त्याची क्षमा कुणाकडे मागायची? मी उठायच्या बेतात होते, तेवढ्यात त्यांनी विचारलं, "वडिलांना अजून तसंच वाटतं?"

मी म्हटलं, हो. मीच 'बरं केलंत' म्हटलं होतं.

"मग तेवढं खोटं आहे," फादर म्हणाले. "ते तुम्हाला दुरुस्त करता येईल."

ते खरं होतं आणि नुसतं मनाच्या समाधानापुरतं नव्हतं. बंद केलेली रक्तवाहिनी पुन्हा वाहू शकते, मुंबईच्या डॉक्टरांनी तसं बजावलं होतं. पुन्हा रक्त आलं तर पप्पा काय करणार हे मला दिसत होतं. ते तिला त्याच हातांनी, त्याच जिद्दीने उजव्या कुशीवर दाबून धरणार होते. आणि तरीही मी पुढचे दोन रविवार गप्प राहिले. एकदा पाहुणे होते. एकदा कुणी नव्हतं.

तिसऱ्या रविवारी पप्पा वाडीत केळीची सुकी पानं कापत होते. मी जाऊन उभी राहिले आणि एकदम सांगून टाकलं. रोज झोपताना चांगली बाजू खाली, हे खरं. पण रक्त आलं की उलट. ज्या उतारामुळे चांगल्या फुप्फुसाला रक्त मिळतं, त्याच उताराने सांडलेलं रक्तही तिथेच जातं आणि ते भरून टाकतं. तेव्हा तिला डाव्या कुशीवर ठेवायचं असतं. हे मी तुम्हाला सांगायला हवं होतं, सांगितलं नाही. आणि त्या दिवशी बरं केलंत म्हटलं तेही खरं नव्हतं.

त्यांनी हातातलं पान पूर्ण कापलं, बाजूला टाकलं. मग कोयता खाली ठेवला.

"म्हणजे ती बरोबर वळत होती," ते म्हणाले.

मी म्हटलं, चूक तुमची नाही, माझी. मी सांगितलं ते तुम्ही केलं. डॉक्टर म्हणाले की कदाचित काही फरक पडला नसता. मी बरंच बोलले. त्यांना ते ऐकू येत होतं असं वाटलं नाही. ते आपल्या उजव्या हाताकडे बघत होते. म्हणाले, फार जोर लावत होती, मला वाटलं घाबरून करतेय. मग विचारलं, तिला माहीत आहे का. मी नाही म्हटलं. ते घरात गेले आणि मी त्यांच्या मागे गेले.

आई मटार सोलत बसली होती. पप्पांनी तिच्यासमोर उभं राहून दोन वाक्यांत सांगितलं. तू डावीकडे वळत होतीस ते बरोबर होतं, मी तुला वळू द्यायला हवं होतं. आईने हातातली शेंग खाली ठेवली. मशीनची घरघर तेवढी चालू होती. मग तिने माझ्याकडे बघितलं, आणि त्या बसलेल्या आवाजात, एकेक शब्द वेगळा करत म्हणाली, "त्यांना कशाला शिकवलंस? मला शिकवायचं होतंस. झोपणारी मी."

मी काही तरी म्हणायला लागले. तिने हात वर केला.

"मी सांगत होते, तिकडचं इकडे उतरतं म्हणून. तुम्ही दोघं मला वळवत होतात."

एवढंच. पुन्हा मटार सोलायला लागली. रागाने आदळआपट केली असती तर मला सोसलं असतं. ती ओरडू शकत नव्हती, आणि त्यालाही कारण मीच, असं माझ्या मनात आलं.

तेव्हापासून मी स्वतःला तिचा तो प्रश्न विचारत आले आहे. इतक्या वर्षांत मी किती रुग्णांना हात लावून वळवलं असेल. प्रत्येकाला नाव विचारते, दुखतंय का विचारते, पण तुम्हाला कुठल्या कुशीवर बरं वाटतं आणि का, हे विचारून त्याचं उत्तर पुरतं ऐकलेलं मला आठवत नाही. नातेवाईकांना शिकवते, कारण ते लक्ष देऊन ऐकतात, मान डोलावतात. खाटेवरचं माणूस दमलेलं असतं, त्याला वेळ लागतो. माझ्या आईलाही एक वाक्य बोलायला वेळ लागायचा. मी तिच्याऐवजी पप्पांशी बोलले ते मला सोपं गेलं म्हणून. प्रेमाने केलं हे खरं आहे. सोपं गेलं हेही खरं आहे.

सगळ्यात वाईट परिणाम पप्पांवर झाला. त्यांनी आईला आपणहून हात लावणं सोडलं. पूर्वी ती उठायला लागली की न सांगता पाठीला हात द्यायचे. आता जवळ उभे राहतात आणि विचारतात, धरू का. उशी सरकवायची तरी विचारतात. कधी कधी ती वैतागते या विचारण्याने, ती म्हणते, धरा हो, विचारता काय. ते धरतात, पण सैल. एकदा त्यांच्या अशा धरण्यामुळे ती पडता पडता वाचली. आईचं फुप्फुस मी बिघडवलं की नाही ते कुणी सांगू शकत नाही. पप्पांचा हात मात्र मीच बिघडवला, आधी शिकवून आणि मग खरं सांगून. सांगायला नको होतं असं मला वाटत नाही. पण त्या वाडीत उभं राहून जे मी त्यांच्या ओंजळीत टाकलं, त्याने माझं काही हलकं झालं नाही. ते फक्त दोघांचं झालं.

या हिवाळ्यात आईला पुन्हा थोडं रक्त आलं. मी घरी नव्हते, नंतर कळलं. पप्पा सांगत होते, ती आपली आपण डाव्या कुशीवर वळली, मला म्हणाली पातेलं धरा आणि शांत बसा. त्यांनी पातेलं धरलं. थोड्या वेळात रक्त थांबलं. हॉस्पिटलात नेऊन दाखवून आणलं. मी धावत गेले तोवर ती पेज पीत होती.

आता ती हवी तशी झोपते. बराच वेळ डाव्या कुशीवरच. तेव्हा आकडा उतरतो, आणि मी शेजारी बसलेली असले तर मला तो दिसतो. तिलाही माहीत आहे. दम लागला की ती स्वतःच वळते. लोड पप्पांनी काढून टाकला. खाट तेवढी तशीच आहे, तिने पुन्हा फिरवू दिली नाही.

गेल्या महिन्यात तिने समुद्रावर जायचं काढलं. घरापासून समुद्र फार लांब नाही, पण आजारपणात ती गेलीच नव्हती. मी लहान सिलिंडर घेतला, गल्लीतून रिक्षा हळूहळू नेली, आणि सुरूच्या झाडांखाली तिला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं. पप्पा ओल्या वाळूपर्यंत चालत गेले. ओहोटी होती. दोन बायका शिंपल्या वेचत होत्या.

खूप वेळाने आईने विचारलं, "आता मी बसले आहे, तर आत काय चाललंय?"

आधी मला तिचा प्रश्न कळला नाही. मग मी सांगायला लागले. घाईने नाही, आणि तिच्याकडे बघत. बसल्यावर रक्त तळाला जास्त असतं. तळाचा भाग प्रत्येक श्वासाला जास्त फुगतो, म्हणून हवाही तिकडे जास्त जाते, पण रक्ताच्या मानाने कमीच. तिने छातीवर हात ठेवून विचारलं, मग वर? मी म्हटलं, वर हवा असते, पण रक्त फारसं पोचत नाही.

"म्हणजे वरची जागा वाया."

"थोडीफार. सगळ्यांचीच."

"तुझी पण?"

मी म्हटलं, माझी पण. तिने मान हलवली. नाकातली नळी सरळ केली आणि विचारलं की डाव्या बाजूला आता काहीच जात नाही का. मी म्हटलं, रक्तवाहिनी बंद केल्यामुळे आणि फुप्फुस आखडल्यामुळे फारच थोडं जातं. मला खात्रीने माहीत नाही, असंही सांगितलं. हे वाक्य मी तिच्यासमोर बहुतेक पहिल्यांदाच बोलत होते.

ती समुद्राकडे बघत राहिली. मी सिलिंडरचा काटा बघितला, अजून अर्ध्याच्या वर होता. पप्पा परत येताना दिसले तेव्हा ती म्हणाली, त्यांना सांग, चपला तिकडेच विसरलेत.